बाहीचं माप

दूधवाल्या भैयानं फाटकातून हाक मारली तेव्हा मी मोहरीची भाजी निवडत बसले होते. "भाभीजी, सामनेवाली माताजी दरवाजा नहीं खोल रहीं. कब से घंटी बजा रहा हूँ." हातातली जुडी तशीच टाकून मी रस्ता ओलांडला. जानेवारीतलं धुकं नुकतं विरत होतं आणि मानसरोवरातल्या त्या अर्ध्या वसलेल्या गल्लीत आम्हा दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. मागच्या अंगणाचं दार नुसतं लोटलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. प्रमिलाताई कोवळ्या उन्हात वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर पिवळं रेशमी कापड, नाकावर चष्मा, मान जरा कललेली, सुई कापडात नीट टोचून ठेवलेली. अशा वेळी माणूस झोपल्यासारखं वाटलं असं सगळे म्हणतात. मला क्षणभरही तसं वाटलं नाही. काम अर्धं टाकून झोपणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. मी दारातूनच ओळखलं, आणि तरीही जवळ जाऊन दोनदा हाक मारली… "ताई, अहो ताई."

मुलगा, मिलिंद, दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. सगळं रीतसर केलं. मुलगी लहान म्हणून सुनेला येता आलं नाही. घर आवरून, कुलूप लावून निघताना त्यानं आईच्या शिवणाचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "काकू, हा तुम्हीच ठेवा. मला यातलं काही कळत नाही." मग फाटकापर्यंत गेला आणि मागे वळला. "एक विचारू? आई माझ्याकडे का आली नाही? बाबा गेल्यावर मी इतक्यांदा बोलावलं. तुम्हाला तरी सांगितलं असेल."

मला सांगितलं होतं. पण माझ्याकडून शब्दही घेतला होता. म्हणून मी म्हटलं, "अरे, तिला इथली हवा मानवली होती." जयपूरची हवा! मे महिन्यात ताटात भाताइतकी वाळू वाढणारी! मिलिंद माझ्याकडे बघत राहिला, मान हलवून रिक्षात बसला. माझं उत्तर खोटं आहे हे त्याला कळलं होतं आणि त्याला कळलंय हे मलाही कळलं होतं. हे ज्यात छापून येणार ती पेपरची पुरवणी त्याच्या घरी येते. आता मी दिलेल्या शब्दातून मोकळी झाले आहे, कशी ते पुढे येईलच. म्हणून हे लिहिते आहे.

आमची ओळख झाली ती माझ्या भांडखोर स्वभावामुळं. यांची विमा कंपनीतून इथं बदली झाली आणि आम्ही अमरावतीहून थेट या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत येऊन पडलो. निम्म्या घरांना कुलपं, रस्त्यावर वाळू, संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. हे स्कूटरवरून ऑफिसला गेले की घर खायला उठायचं. एके दिवशी भाजीवाल्यानं किडकी वांगी गळ्यात मारली आणि मी हिंदी विसरून त्याला अस्सल वऱ्हाडीत झाडलं. तो बिचारा हातगाडी धरून उभा राहिला. तेवढ्यात समोरच्या घरातून एक उंच, सावळ्या बाई रस्ता ओलांडून आल्या, त्यांनी माझ्या हातातली वांगी परत गाडीवर टाकली आणि विचारलं, "अमरावती की अकोला?" मला रडूच फुटलं. त्या कऱ्हाडच्या. यजमान फौजेत मेजर, शेवटचं पोस्टिंग इथल्या छावणीत. निवृत्त झाल्यावर घर लागलं आणि इथंच राहिले. "आम्ही आयुष्यभर बदलीवर," त्या म्हणायच्या, "आता कुणी बदली करणारंच उरलं नाही, म्हणून राहिलोय." महाराष्ट्रातून टपालानं येणारा शिळा पेपर आम्ही दोघींत वाचायचो. त्या आधी, मी नंतर; आणि शब्दकोडं त्यांनी पेननं सोडवून माझ्याकडे धाडलं की मी चिडायची.

दुपारी त्यांच्या शिवणयंत्राचा आवाज यायचा. आधी मला वाटलं, बाई शिवणकाम घेतात. विचारलं, तर म्हणाल्या, "घेते ना. गिऱ्हाईक एकच आहे. फार तोऱ्याचं. वर्षाला डझनभर कपडे लागतात आणि एकदाही म्हणत नाही, छान झालाय म्हणून."

हे गिऱ्हाईक आमेरच्या पलीकडच्या एका गावात राहतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. बडी चौपडवरून आमेरची बस, तिथून पुढे दुसरी खटारा बस, मग मोहरीच्या शेतांतून पायवाट. वाटेच्या शेवटी पांढरं, बुटकं देऊळ. आत काळ्या पाषाणाचे श्यामजी, बासरी धरून उभे. गाव त्यांना 'दखणी ठाकुरजी' म्हणतं. त्या गावच्या ठाकूर घराण्यातला कुणी पूर्वज राजाच्या फौजेबरोबर दक्षिणेत गेला होता. लढाई काय केली ते कुणाला आठवत नाही. पण परत येताना त्यानं ही मूर्ती आपल्या घोड्यावर बसवली आणि स्वतः लगाम धरून सगळी वाट पायी आला, हे मात्र गावातलं शेंबडं पोरही सांगतं. त्यानं देऊळ बांधलं. त्याच्या नातसुनेनं दुष्काळात अंगावरचे दागिने उतरवून शिखर चढवलं, म्हणजे गावाला दोन घास मिळायला काम निघालं. तिच्या पुढच्या पिढीतल्या एकानं विहीर खोदली, फुलांचा मळा लावला आणि तो माळ्यांना कायमचा देऊन टाकला, अट एकच, रोजचा हार. पुढे जहागिऱ्या गेल्या. घराण्यातली माणसं शहरांकडे पांगली, रावळ्याचा, म्हणजे त्यांच्या वाड्याचा, मोठा भाग शाळेला दिला. राहिल्या एकट्या माजीसा, म्हणजे घरातली वृद्ध ठकुराणी. देवळाला लागून असलेल्या दोन खोल्यांत त्या राहायच्या. एका भिंतीपलीकडे पोरांचे पाढे, दुसऱ्या भिंतीपलीकडे देवाची घंटा.

माजीसांचा मुलगा मेजरसाहेबांच्या पलटणीत होता. आईकडे अधूनमधून बघा, एवढं त्यानं सांगितलं होतं. म्हणून एका रविवारी हे नवराबायको स्कूटरवरून तिथं गेले, आणि प्रमिलाताई तिथल्याच झाल्या.

त्या देवळाची रीत अशी की ठाकुरजींचा पोशाख शिंप्याकडे जात नाही. तो रावळ्यातल्या, घरच्या बाईनंच शिवायचा आणि झाकलेल्या थाळीतून न्यायचा. श्रावणात लाटांच्या रेघांचा लहरिया, शरद पौर्णिमेला पांढरा, वसंतपंचमीला पिवळा, थंडीत कापूस भरलेला अंगरखा. पोशाखाशिवाय देवाला पुजारी आणि घरची माणसं सोडून कुणी बघायचं नाही. माजीसांनी नवी नवरी म्हणून आल्यापासून हे काम केलेलं, पण आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सून दिल्लीची. प्रमिलाताईंच्या भाषेत, "तिला सुई म्हणजे डॉक्टरची, एवढंच माहीत." ताईंनी आपण होऊन म्हटलं, मी शिवते. माजीसांनी आधी ताईंची बोटं चाचपून बघितली. मग त्यांनी उशाखालून एक गाठी मारलेली दोरी काढून दिली. पहिली गाठ गळ्याची, मग खांद्याची, मग घेराची… शेवटी उजव्या बाहीची आणि डाव्या बाहीची.

इथं प्रमिलाताईंच्या हातून चूक झाली, आणि ती त्यांच्यासारख्या काटेकोर बाईच्याच हातून होऊ शकली असती. डाव्या बाहीचं माप उजवीपेक्षा वीतभर जास्त होतं. ताईंनी मनाशी म्हटलं, म्हातारीला दिसत नाही, गाठ चुकीच्या जागी पडली. त्यांनी दोन्ही बाह्या सारख्या केल्या. वर हौसेनं आपल्याकडची चक्री पगडीही शिवली. थाळी घेऊन गेल्या तेव्हा पुजारीजी पगडी बघून म्हणाले, "अरे वाह, ठाकुरजी को तो मुनीमजी बना दिया!" सगळे हसले. माजीसाही हसल्या. मग त्यांनी बोटांनी बाह्या चाचपल्या, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुजाऱ्याला त्यांनी बाहेर जायला सांगितलं. "बेटी," त्या म्हणाल्या, "नाप गलत नहीं था."

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या होत्या. नव्या सुनेनं पहिल्या जन्माष्टमीला ठाकुरजींना स्नान घालायचं, हीही तिथली रीत. दुधानं हात बुळबुळीत झालेले, घुंगटातून धड दिसत नव्हतं. तांब्याची जड झारी सुटली आणि थेट देवाच्या डाव्या मनगटावर पडली. पुढचा हात तुटून पाण्यात गेला. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, ती पाण्यात सोडतात. आपल्याकडेही तेच आहे. म्हणजे पूर्वजानं लगाम धरून आणलेला देव विहिरीत जाणार, आणि ज्या मुलीमुळं तो गेला तिचं त्या गावात काय होणार, हे सांगायला नको. आत तिघंच होती, ती, म्हातारे पुजारी आणि सासरा. सासऱ्यानं दार लावून घेतलं. त्याचे शब्द माजीसांनी ताईंना जसेच्या तसे सांगितले. "हाथ ठाकुरजी को टूट्यो छै, बीनणी को भाग कोनै टूट्यो." हात देवाचा मोडलाय, सुनेचं नशीब नाही मोडलेलं. त्याच दिवशी डावी बाही लांब झाली. बाहीच्या आत एक नाकं शिवायचं, चांदीच्या बासरीचं टोक त्यात अडकवायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, देवानं हात बाहीत ओढून घेतलाय, थंडी वाजतेय म्हणून.

सगळा जन्म त्या बाईनं ती बाही शिवली. तेव्हाच्या पुजाऱ्यानं जाताना आपल्या मुलाला सांगितलं, तेवढंच. आता माजीसा म्हणाल्या, "मेरे बाद यह लाज आपकी हुई. किसी से कहिएगा मत, जब तक कहे बिना चले." ताईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि हो म्हटलं. पगडी मात्र माजीसांनी ठेवून घेतली. दर दसऱ्याला देव ती घालतो.

मी प्रमिलाताईंबरोबर त्या गावी पुष्कळदा गेले, पण हे सगळं मला फार उशिरा कळलं. तोवर मी आपली एका गोष्टीचं नवल करायची. त्या देवळात कुणी देवाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. मान खाली घालून पायांचं दर्शन घेतात आणि तसेच मागे सरतात. मी एकदा मान वर करून बघत राहिले, तर शेजारची एक म्हातारी माळीण, धापूबाई तिचं नाव, हळूच माझ्या कोपराला हात लावून म्हणाली, "चरणां में देखो, बाईसा. अठे चरणां का ही दर्शन छै." मला वाटलं, असेल पंथाची काही शिस्त. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "फार भली माणसं आहेत गं. कुणी कधी वर बघत नाही." आणि बसच्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

देवाशी त्यांचं नातं भक्तीचं होतं की काय, मला सांगता येणार नाही. घरी देव्हारा होता, पण पूजा मेजरसाहेब करायचे. श्यामजींबद्दल मात्र त्या घरच्यासारखं बोलायच्या. "आपल्याकडचा दगड आहे तो. आमच्याचसारखा, बदलीवर आलेला. परत जायची ऑर्डर काही निघाली नाही बिचाऱ्याची." हसायच्या, पण डोळे हसायचे नाहीत.

माजीसा गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात मेजरसाहेब गेले, सकाळी फिरायला म्हणून निघाले ते फाटकापाशीच कोसळले. त्यानंतरची वर्षं आठवली की मला ते घर दुपारच्या उन्हात दिसतं. खिडक्यांना ओल्या चादरी लावलेल्या, आत यंत्राचा आवाज, मध्येच आवाज थांबायचा आणि मी हातातलं काम सोडून तो परत सुरू होण्याची वाट बघायची. मिलिंद फोन करायचा तो आमच्याकडे, कारण ऑफिसनं यांना फोन दिला होता. मी धावत जाऊन ताईंना बोलवायची. मग स्वयंपाकघरात भांडी आवरल्याचा बहाणा करत एका बाजूचं बोलणं ऐकायची. "अरे, देवाचे थंडीचे कपडे व्हायचेत… हो रे, पुण्यातही देव आहेत… नाही, नाही, राग नाही रे बाळा… बघू, होळी होऊ दे." होळी झाली की तीज, तीज झाली की शरद पौर्णिमा. देवाचं वर्ष कधी संपत नाही. फोन ठेवून त्या ओट्याला टेकून उभ्या राहायच्या, मी पाणी द्यायची.

एकदा मीच म्हटलं, "ताई, पुण्याला राहून शिवा की. पार्सलनं पाठवा." त्या भडकल्या. "देवाची लाज काय पोस्टमनच्या हातात देऊ?" मग शांत झाल्या. "आणि नुसतं शिवून भागत नाही. पडद्याआड उभं राहून पुजारीजींना सांगावं लागतं, इथं चुणी घाला, इथं ओढा. जरा सरकलं की झालं." तेव्हा मला यातलं काही कळलं नाही. वाटलं, बाई देवाचं निमित्त करून सुनेला टाळते आहे. आपण माणसं किती पटकन घरगुती कारणं शोधतो!

मग नात झाली, सई. ताई बारशाला जाऊन आल्या आणि देवाच्या श्रावणासाठी लगेच परतल्या. वर्षा-दोन वर्षांनी त्यांनी सईसाठी एक फ्रॉक शिवून कुणाबरोबर तरी पाठवला. तो इतका आखूड झाला की सुनेनं बाहुलीला घातला. सुनेनं हे हसत हसत फोनवर सांगितलं, तिच्या मनात काही नव्हतं. ताईही हसल्या. पण फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दगडाची मापं मला तोंडपाठ आहेत, सुनंदा. माझ्या नातीच्या हाताचं माप मला माहीत नाही." त्या दिवशी त्या पाणीही न पिता घरी गेल्या.

शेवटी त्यांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला पुण्याला ये, म्हणून मिलिंद मागे लागला, आणि त्या गेल्या नाहीत. कारण गेलं की मुलगा परत येऊ देणार नाही, ही भीती. सुई ओवता येईना. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की मी समोर जायची आणि दिवसभराच्या सुया ओवून त्यांच्या लाल उशीवर टोचून ठेवायची. पांढरा दोरा, पिवळा दोरा, जरीचा दोरा, ज्या क्रमानं लागेल तसा. बाहीतलं नाकं मात्र बारीक टाक्यांचं काम, ते त्यांना जमेना. दोन दिवस त्यांनी उसवून पुन्हा शिवलं, पुन्हा उसवलं. तिसऱ्या दिवशी मला खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, "बस. तुला एक सांगायचंय. यांनासुद्धा सांगितलं नव्हतं." तेव्हा मला सगळं कळलं. ऐकून मी एकच विचारलं, "मिलिंदला तरी सांगा. त्याला वाटतं तुम्हाला तो नकोय." त्यांनी नकाराची मान हलवली. "तो म्हणेल, आई, नवी मूर्ती बसवू. मी पैसे देतो. त्याचं बरोबरच असेल. पण मग माजीसा जन्मभर कशासाठी डोळे फोडत बसल्या?" कुणाला सांगणार नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला. मी नाकं शिवायला घेतलं.

त्या गेल्या त्या दिवशी मांडीवर होता तो वसंतपंचमीचा पिवळा पोशाख. उजवी बाही झाली होती, डावी कापून ठेवलेली होती. तो मी पुरा केला. माझा हात त्यांच्यासारखा नाही; टाके बघून त्या नक्की म्हणाल्या असत्या, "गोणपाट शिवतेस का गं?" वसंतपंचमीला पहाटेच थाळी झाकून बसनं निघाले. एकटीनं त्या पायवाटेनं जायची ती पहिलीच वेळ. मोहरी इतकी फुलली होती की बघवेना. ताई असत्या तर थांबून म्हणाल्या असत्या, हा रंग मिळत नाही बघ बाजारात.

देवळात पुजारीजी होते आणि हार घेऊन आलेली धापूबाई. ताई गेल्याचं त्यांना कुणीतरी कळवलं होतं. मी थाळी पुढे केली आणि अडखळत, आडून आडून सांगायला लागले की आमचीही बदली आज ना उद्या होणार, मग पोशाखाचं कसं करायचं, हे काम कुणालाही सांगता येण्यासारखं नाही… धापूबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला. "हम बना लेंगी, बाईसा. मैं, और मेरी बहू. बस डावी बाँह का नाप दे जाओ."

मी पुजारीजींकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. "कौन-सी बाँह?" मी उगाच म्हटलं.

"वही, लंबी वाली." धापूबाई उंबऱ्यावर बसली आणि मलाही बसवलं. मग तिनं सांगितलं. त्या जन्माष्टमीचं निर्माल्य विहिरीकडे न्यायला तिची सासू गेली होती. फुलांत तिला देवाची बोटं सापडली. तिनं ती तुळशीच्या मुळाशी पुरली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. म्हातारी मंडळी पिंपळाखाली बसली आणि ठरलं, कुणी काही बघितलं नाही. "बीनणी नई थी. बच्ची थी. किसको मारते, बाईसा?" त्या दिवसापासून गाव पायांचं दर्शन घेतं. पोरांना चालायला लागल्यापासून शिकवतात, वर बघायचं नाही. माजीसांना कधीच कळू दिलं नाही. कळलं असतं तर लाजेनं जीव दिला असता तिनं.

मला राग आला. खरंच सांगते, भर देवळात, सणाच्या दिवशी मला इतका राग आला की आवाज चढला. "आणि आमच्या बाईसा? माजीसा गेल्यावर तरी त्यांना सांगायचं! त्यांचा मुलगा आहे, नात आहे. या बाहीपायी त्या एकट्या राहिल्या, एकट्या गेल्या. तुम्हाला माहीत होतं ना!" हे मी मराठीत बोलले की हिंदीत, मला आठवत नाही. धापूबाईनं माझा हात धरून ठेवला. "सोचा था बताएँगे. पर वो थाळी लेके आती थीं ना, तो मुँह पे ऐसी रौनक होती थी… हमको लगा, इनका भी यहीं मन लगा है. मन लगा हुआ आदमी को कौन उठाए?"

पडदा ओढला होता. पुजारीजींनी पोशाख चढवला. पडदा सरकला तेव्हा मी पहिल्यांदाच मान खाली घातली. थोड्या वेळानं धापूबाईला विचारलं, आता सगळ्यांना माहीतच आहे, तर बाही लांब कशाला शिवायची? ती माझ्याकडे असं बघू लागली की जणू मी खुळचट काही बोलले. "हमारे ठाकुरजी की बाँह तो लंबी ही होवै, बाईसा."

जुन्या दोरीवरून नवी दोरी गाठी मारून मी तिला दिली. जुनी परत आणली. राखायचं गुपितच उरलं नव्हतं, तेव्हा माझा शब्दही तिथंच सुटला.

तर मिलिंद, तुझी आई तुझ्याकडे का आली नाही, त्याचं उत्तर हे. पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या हातून झारी सुटली होती, म्हणून. तुझ्या आईनं जे गुपित राखलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, हे वाचून तुला माझ्यासारखाच राग येईल. येऊ दे. बसनं परत येताना आमेरपर्यंत मी तो राग धरून होते. मग मला ते वाक्य आठवलं… "फार भली माणसं आहेत गं. कुणी कधी वर बघत नाही." तिला कळलं होतं की काय? कळलं असेल तर ती गुपितासाठी राहिलीच नव्हती, त्या भल्या माणसांत तिला राहायचं होतं. आणि कळलं नसेल तर… मला माहीत नाही, बाळा. विचारायला आता ती नाही, आणि माझ्या दुपारी फार लांब झाल्या आहेत. समोरच्या दाराला तू लावलेलं कुलूप आहे. यंत्राचा आवाज थांबलाय आणि मी अजून तो सुरू होण्याची वाट बघते.

परवा तिचा डबा पहिल्यांदा तळापर्यंत उपसला. खाली, मऊ कागदात गुंडाळलेला, त्याच पिवळ्या रेशमाचा एक फ्रॉक आहे. देवाच्या पोशाखातून राखलेलं कापड. गळा झालाय, घेर झालाय, खाली वीतभर कापड आत दुमडून ठेवलंय, मुलगी वाढली की सोडता यावं म्हणून. बाह्या नाहीत. त्यासाठीचं कापड न कापता तसंच घडी करून ठेवलंय, कारण माप नव्हतं.

मी रोज सकाळी चहा झाला की अजून सुया ओवते. सवय आहे, जात नाही. लाल उशी माझ्या खिडकीत आहे आणि तिच्यावर पिवळ्या दोऱ्याच्या सुया टोचलेल्या आहेत. सईच्या हाताचं माप पाठव. दोन्ही हातांचं.